भुकेल्या हरणाला हाकलावे का?



प्रायश्चित्तकाळातल्या दुसऱ्या रविवारी मिस्सेनंतर नेहमीप्रमाणे धर्मशिक्षणाचा वर्ग भरला होता. विषय होता दयेची कृत्ये. भुकेल्याला अन्न द्यावे, तान्हेल्याला पाणी द्यावे, उघड्याला वस्त्र द्यावे, असे मुलांनी एका सुरात म्हणून दाखवले. तेवढ्यात मागच्या रांगेत बसलेल्या, आमच्याच वस्तीवरच्या एका पाचवीतल्या मुलाने हात वर केला. म्हणाला, "सर, मग हरणं भाजी खायला आली की तुम्ही त्यांना हाकलता कशाला? ती पण भुकेलीच असतात ना?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि म्हणालो, "अरे, ते माणसांबद्दल सांगितलं आहे." उत्तर चुकीचे नव्हते. संत मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभू येशू बोलतो ते आपल्या लहानात लहान भावंडांविषयी. मुलाने मान डोलावली, पण त्याचे समाधान झाले नाही हे दिसत होते. माझेही झाले नव्हते, कारण हरणांच्या बाबतीत माझ्या हातून एकदा जे घडले ते त्या मुलाला माहीत नव्हते.

आपल्यापैकी जे गावात राहतात त्यांना हरीण म्हणजे पुस्तकातले चित्र. माळावर वस्ती असलेल्यांना ते शेजारी आहे. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे १९८० साली काळविटांसाठी अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर. काळविटाला सरकारी हद्द कळत नाही, ते गवताच्या मागे हिंडते. पावसाळ्यात माळावर चारा असतो तोवर त्याची नि आपली गाठ पडत नाही. उन्हाळ्यात माळ उघडा पडला की जिथे हिरवे दिसेल तिथे कळप येतो. नर वरून काळसर, पोटाखाली पांढरा, डोक्यावर पिळाची शिंगे; मादी तांबूस आणि बिनशिंगांची. (ही शिंगे दरवर्षी गळत नाहीत, म्हणून शास्त्रज्ञ काळविटाला खऱ्या हरणांत धरत नाहीत. आमच्याकडे मात्र ते हरीणच, आणि मीही तसेच म्हणणार.) १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत ठेवले आहे. म्हणजे त्याला मारणे हा मोठा गुन्हा.

आमच्या घरामागे आईचे परस आहे. मोरीचे पाणी जाते तिथे अळू, पलीकडे सहा-सात वाफे. मेथी, शेपू, पालक, कोथिंबीर, कांदापात. कडेने गवार आणि वांग्याची झाडे. शेत माझ्या नावावर आहे, पण या वाफ्यांत मी तिच्या परवानगीशिवाय पाय ठेवत नाही. २०१८ साली पाऊस दगा देऊन गेला आणि २०१९चा उन्हाळा आमच्या वस्तीला टँकरवर काढावा लागला. आई धुण्याभांड्यांचे पाणी साठवून बादलीबादलीने वाफ्यांना घालीत असे. त्या वेळी तिने सत्तरी ओलांडलेली होती. एप्रिलमध्ये दोन रात्रींत हरणांनी सगळे वाफे साफ केले. मेथीचे बुडखेसुद्धा ठेवले नाहीत. सकाळी मातीत खुरांच्या खुणा आणि काळ्या लेंड्या. आई काही बोलली नाही. तिने रिकामी बादली भिंतीला पालथी घातली आणि आत गेली. ती काहीतरी बोलली असती तर बरे झाले असते.

त्या दिवशी मी काय केले ते आजवर फक्त पापनिवेदनात सांगितले होते. आज धर्मग्रामापुढे सांगतो, कारण असे करणारा मी एकटा नाही हे मला ठाऊक आहे. मी परसाभोवती गुडघ्याएवढ्या उंचीवर उघडी तार ओढली आणि तिचे टोक मोटारीच्या पेटीत जोडले. त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची होती, दहाला यायची. आई तोवर झोपली होती. तिला काही सांगितले नाही. सांगितले असते तर तिने तार लावू दिली नसती. दहा वाजता पेटीवरचा दिवा लागलेला पाहिला आणि मीही झोपलो.

पहाटे चारच्या सुमारास मागच्या दाराची कडी वाजली. तो आवाज कसला हे झोपेत कळायला किती वेळ गेला असेल सांगता येत नाही. मी अनवाणी धावलो. आधी पेटीकडे गेलो, खटका पाडला, मग ओरडलो. आई तारेपासून दोन-तीन हातांवर उभी होती. हरणे पुन्हा आली होती का ते पाहायला ती उठली होती. "काय झालं रे?" म्हणाली. मी तार दाखवली. ती बराच वेळ तारेकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मला ठाऊक नव्हतं इथं तार आहे. त्या हरणाला तरी कुठून ठाऊक असणार?"

उजाडायच्या आत मी तार काढली. अशा तारांना चिकटून हरणे मरतात, बिबटे मरतात, शेजारच्या शेतात पाणी धरायला निघालेली माणसेही मरतात. तार लावणाऱ्यावर मग सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो. हे सगळे मी वर्तमानपत्रात वाचलेले होते. वाचूनही तार लावली होती. लावताना हरणाचा विचार माझ्या मनात नव्हताच. नुकसानीचा राग होता आणि तो कुठेतरी काढायचा होता.

तेव्हापासून हा प्रश्न मनात आहे. मुलाने तो सोप्या शब्दांत विचारला इतकेच. आपले अन्न राखताना भुकेल्या जिवाला हाकलण्याचा आपल्याला अधिकार आहे का? आणि असला तर कुठवर?

कुंपण घालणे हेच पाप, असे पवित्र शास्त्र कुठे म्हणत नाही. यशयाच्या पाचव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा दृष्टांत आहे. तिथे मळ्याला कुंपण असते, आणि धनी रागावतो तेव्हा ते काढून टाकतो. म्हणजे कुंपण असणे ही धन्याच्या मायेची खूण आहे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव माणसाला बागेत ठेवतो तो तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात याच दोन कामांवर भर दिला. आपल्या मराठीत 'राखण' हा शब्द शेतकऱ्याच्या रोजच्या तोंडातला आहे. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभे राहून गोफण फिरवतात ती राखण. आकाशातल्या पाखरांना स्वर्गीय पिता खाऊ घालतो हे आपण मानतो. पण ज्याच्या कणसांवर ती उतरतात त्याला विचारा! तो माणूस विश्वासात कमी पडतो म्हणून गोफण फिरवत नाही. त्यालाही पोरेबाळे आहेत.

पण याच शास्त्रात दुसरीही बाजू आहे. कापणी करताना शेताचा कोपरा सोडावा, पडलेली कणसे वेचू नयेत, ती गरिबांसाठी व परक्यांसाठी असावीत, असे लेवीय पुस्तक सांगते. मळणी करणाऱ्या बैलाला मुसकी घालू नये, असे अनुवादात आहे. निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायातला नियम तर मी कित्येक वर्षे वाचूनही न वाचल्यासारखा सोडून दिला होता. सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची. तिच्यात आपोआप येईल ते गरिबांनी खायचे आणि त्यांच्याकडून उरेल ते रानातल्या पशूंनी. रानातल्या पशूंचा हिस्सा नियमशास्त्रात लिहून ठेवलेला आहे! गरिबांच्या नंतर, पण लिहिलेला आहे.

या दोन बाजूंचा मेळ कसा घालायचा, हे मला एका संताच्या चरित्रात सापडले. संत अंतोनी म्हटले की आपल्याला १३ जूनचे पदुआचे संत आठवतात. मी म्हणतो ते १७ जानेवारीचे, इजिप्तच्या वाळवंटातले, मठवासीयांचे पिता. इसवी सन ३५६मध्ये ते वारले तेव्हा १०५ वर्षांचे होते, असे त्यांचे चरित्रकार संत अथनेशियस लिहितात.

अंतोनी दूर वाळवंटात एका डोंगरापाशी एकटे राहत होते. भाविक मंडळी त्यांना भाकरी आणून देत. त्या खडतर वाटेने लोकांना येरझारा घालाव्या लागतात याचे त्यांना वाईट वाटले. म्हणून त्यांनी कुदळ, कुऱ्हाड आणि थोडे धान्य मागवून घेतले. डोंगराच्या पायथ्याशी एक तुकडा शोधला, पाणी होतेच, तिथे पेरले. आता आपला भार कोणावर नाही म्हणून त्यांना आनंद झाला. पुढे भेटायला येणारे वाढले, तेव्हा त्यांनी थोडी भाजीही लावली, ती थकूनभागून येणाऱ्या पाहुण्यांच्या पोटाला आधार म्हणून. म्हणजे चौथ्या शतकातल्या एका संताचे परसच म्हणा. आणि लगेच व्हायचे तेच झाले. पाण्यावर येणारी रानटी जनावरे पेरलेले तुडवू लागली, खाऊ लागली.

अंतोनींनी त्यांतले एक जनावर हळुवारपणे धरले आणि त्याच्यामार्फत सगळ्यांना विचारले, मी तुमच्यापैकी कोणाला इजा करत नाही, मग तुम्ही मला का करता? प्रभूच्या नावाने निघून जा आणि पुन्हा इकडे येऊ नका. अथनेशियस लिहितात की त्यानंतर ती तिकडे फिरकली नाहीत.

ही हकिकत मी अनेकदा वाचली आहे. अंतोनी जनावरांना 'नाही' म्हणाले. एवढा मोठा तपस्वी, स्वतः दिवसेंदिवस उपास करणारा, पण पाहुण्यांच्या भाजीवर त्याने पाणी सोडले नाही. स्वतःच्या ताटातले तो देऊ शकला असता. पाहुण्याच्या ताटातले द्यायचा त्याला अधिकार नव्हता. हे लक्षात आल्यावर मी आईच्या परसाकडे निराळ्या नजरेने पाहिले. मेथीची जुडी बाजारात मिळते, मग ही उन्हातली मरमर कशाला, असे मी तिला नेहमी म्हणत असे. पण त्या जुड्या जात कुठे होत्या? एक अंथरुणाला खिळलेल्या शेजारच्या मावशींकडे. दोन-तीन सिस्टरांच्या बोर्डिंगात. आमच्या घरात त्यातले निम्मेही शिजत नव्हते. हरणांनी जे खाल्ले ते आमच्यापेक्षा त्या मावशींचे आणि त्या मुलींचे होते. परस राखायचा आईचा हक्क मला तिथे दिसतो. जो भाजी विकून घर चालवतो त्याचा हक्क याहून कमी आहे असे मात्र कोणी समजू नये. त्याच्या घरातली मुलेही भुकेलीच असतात.

पण अंतोनींनी विचारलेला प्रश्न पाहा. 'मी तुम्हाला इजा करत नाही' हे ज्याला खरेपणाने म्हणता येते, त्यालाच तो प्रश्न विचारता येतो. एप्रिलच्या त्या रात्री मला तो विचारता आला नसता. प्राण्यांना विनाकारण यातना देणे किंवा मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे ख्रिस्तसभेचा १९९२चा धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो. माणसांचे दुःख हलके करायला लागणारा पैसा प्राण्यांवर उधळू नये, हेही तिथेच सांगितले आहे. हे दुसरे वाक्य मला फार आवडते, कारण शेतकऱ्याला उपदेश करणारे बहुधा पहिल्यावरच थांबतात.

या हकिकतीत मला एक गोष्ट मात्र टोचते. जनावरे तिथे पाण्यासाठी येत होती. 'पुन्हा इकडे येऊ नका' म्हटल्यावर ती पाणी प्यायला कुठे गेली? अथनेशियस ते सांगत नाहीत. जवळपास दुसरा झरा असेल, किंवा चरित्रकाराला त्याची गरज वाटली नसेल. दुष्काळात राहिलेल्या माणसाला ती वाटते. भाजीला 'नाही' म्हणणे समजू शकते. पाण्याला 'नाही' म्हणावे का?

म्हणून मी परसापासून थोड्या अंतरावर सिमेंटची एक कुंडी ठेवली. चांगल्या मनाने केलेले कामही कसे चुकते ते ऐका. चौथ्या-पाचव्या दिवशी कुंडीपाशी गावातल्या कुत्र्यांनी एक पाडस फाडले. वनरक्षक आले, रागावले नाहीत, पण म्हणाले, "गुरुजी, घराजवळ पाणी ठेवलं की हरणं कुत्र्यांच्या तोंडी जातात. ठेवायचंच तर लांब ठेवा, मोकळ्या माळावर, त्यांना चहूकडचं दिसेल असं." आता कुंडी ओढ्यापलीकडे आहे. उन्हाळ्यात दोन दिवसांआड भरावी लागते. ज्या मुलाने प्रश्न विचारला तो यंदा माझ्याबरोबर घागर घेऊन येतो.

आता कुंपणाविषयी. बुजगावणे आठवडाभर उपयोगी पडते, मग हरणे त्याच्या शेजारी उभी राहून खातात. डबे बडवले की हरणांच्या आधी शेजारी जागे होतात. फोरेटच्या पुरचुंड्या बांधतात, ते कोणी करू नये; ते जहाल विष आहे, २०२०च्या अखेरीपासून देशात त्यावर बंदी आहे, आणि परसात लेकरे खेळतात. बोरी-बाभळीच्या काट्यांची जुनी वई चांगली, पण दरवर्षी नवी करावी लागते, आणि खाली फट राहिली तर हरीण तिथूनच शिरते. शेराचे किंवा घायपाताचे जिवंत कुंपण सर्वांत टिकाऊ, पण त्याला वाढायला वर्षे लागतात. ज्याला झेपेल त्याने बॅटरीवरचे झटका यंत्र घ्यावे. त्यातला प्रवाह क्षणभराचा असतो, जनावराला झटका बसतो आणि ते मागे सरते. यंत्र प्रमाणित असावे आणि त्याला घरची वीज कधीही थेट जोडू नये. मी घरचे झटका यंत्र लावले तेव्हा आधी स्वतः तारेला हात लावून पाहिला. आईने लावायला सांगितले होते.

आईने स्वतः निवडले ते मात्र जुन्या साड्यांचे कुंपण. खांब रोवायचे आणि त्यांना साड्या आडव्या बांधायच्या. वाऱ्यावर कापड हलते, फडफडते आणि हरीण बिचकते. पलीकडचे हिरवे त्याला दिसतही नाही. काही महिन्यांनी ते सरावते; तेव्हा साड्यांची जागा आणि रंग बदलायचे. आमच्या परसाभोवती तिच्या लग्नापासूनच्या साड्या आहेत आणि त्या पाहताना मला अजून थोडे चमत्कारिक वाटते. कुंपणाबाहेर तिने एक वाफा सोडला आहे. त्यात ती घास पेरते. "तेवढं त्यांचं," म्हणते. तेवढे खाऊन कळप पुढे जातो की त्या हिरव्याच्या ओढीने जास्तच येतो, यावर आमच्या घरात एकमत नाही. मला दुसरे वाटते. तिला मी निर्गमाचा तेविसावा अध्याय वाचून दाखवला ही माझीच चूक.

एक गोष्ट राहिली आणि ती आपल्या सर्वांची आहे. हरणाला मारू नये हा कायदा योग्य आहे. पण त्या दयेची किंमत कोण भरतो? अभयारण्य पाहायला येणारा भरत नाही, वर्तमानपत्रात काळविटाचे छायाचित्र पाहून सुखावणाराही भरत नाही. ती किंमत माळाकडेच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या वाफ्यातून जाते. वनखात्याकडून पिकाची नुकसानभरपाई मिळते, अर्ज करावा, पंचनामा करून घ्यावा, लाजू नये. परसातल्या चार वाफ्यांचा पंचनामा करायला मात्र कोणी येत नाही, आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईचे सगळे त्या चार वाफ्यांतच असते. मुलाचा प्रश्न मी त्याला असा फिरवून सांगितला : हरीण भुकेले आहे हे खरे, पण त्याला जेवू घालायचे तर सगळ्यांच्या ताटातले थोडे थोडे जायला हवे, एकाच मावशीच्या ताटातले सगळे जाता कामा नये. तो म्हणाला, "मग आपण मावशीला काय देणार?"

आमच्या वस्तीवर अशा तीन घरांना यंदा उन्हाळ्याआधी कुंपण घालायचे आहे. खांब झाले आहेत. एका परसाला पंधरा-वीस साड्या लागतात. नायलॉनच्या असल्या तर बरे, सुती साड्या उन्हाने लवकर विरतात. रंग कोणताही चालेल, फाटक्याही चालतील. ज्यांच्याकडे असतील त्यांनी पुढच्या रविवारी मिस्सेला येताना आणाव्यात. देवळाच्या मागच्या व्हरांड्यात पेटी ठेवली आहे आणि तिच्यापाशी तो मुलगा बसलेला असेल.